अकरा नावांचा दगड

आमच्या मंडळाने नदीसाठी केलेलं पहिलं काम म्हणजे टी-शर्ट छापून घेणं. झाडू, टोपल्या, हातमोजे हे सगळं मागाहून आलं, आणि हातमोजे तर अजूनही सगळ्यांना पुरत नाहीत. टी-शर्ट मात्र पहिल्याच रविवारी हजर होते. हिरवेगार, पाठीवर नदीचं चित्र, चित्रात एक हंस. सीना नदीवर हंस आजवर कुणी पाहिलेला नाही, पण छापणाऱ्याकडे तोच तयार होता. आम्ही तिघी बायका होतो, आम्ही तो साडीवर चढवायचा असं ठरलं. मी घरातून निघताना आमच्या मालकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काही न बोलता पेपर तोंडासमोर धरला. तीस वर्षांच्या संसारात एवढा संयम त्यांनी पहिल्यांदाच दाखवला.

सोलापुरात नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. चादरी, टॉवेल, पडद्याचं कापड. लग्न होऊन आले तेव्हापासून मी गल्ल्याशेजारी बसते आणि डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी कापड कसलं आहे ते सांगते. बसून बसून गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून सकाळी मैदानावर फेऱ्या मारायला जाऊ लागले आणि तिथे अध्यक्षांच्या तावडीत सापडले.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनिअर. माणूस वाईट नाही. पण नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती, आणि निवृत्त झाल्यावर हुकूम कुणाला द्यायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आ वासून उभा राहिला. घरी बायको होती, पण ती त्यांचं ऐकत नसे. मैदानावर त्यांना आम्ही दहा जण मिळालो. दोन दिवाळ्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी आम्हाला कडुलिंबाखाली गोळा केलं आणि नदीबद्दल अर्धा तास बोलले. नदी आई आहे, आपण तिची लेकरं आहोत, वगैरे. आम्हाला घरी जाऊन चहा घ्यायचा होता, म्हणून आम्ही सगळे लगेच हो म्हणालो.

दर रविवारी सकाळी तीन गाड्यांमधून आम्ही शहराबाहेर सीनेवर जायचो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेड्या बाभळी ओलांडून गेलं की काठावर एक मोकळी जागा आहे. तिथे काम चाळीस मिनिटं, फोटो वीस मिनिटं आणि नाश्ता एक तास, अशी शिस्त बसली. पाण्यातून ओढून काढलेला ट्रॅक्टरचा एक टायर ओळीने तीन रविवार आमच्या फोटोत होता, कारण तो वर चढवून न्यायची ताकद कुणात नव्हती. चौथ्या रविवारपासून अध्यक्ष त्याच्यावर बसू लागले. मला अर्थातच अल्पोपहार समिती मिळाली. समितीत मी एकटीच. पहाटे उठून उप्पीट करायचं, शेंगाचटणी, कडक भाकरी बांधायची, चहाचा थर्मास भरायचा, आणि मग नदीकाठी गेल्यावर आपल्याच लोकांनी टाकलेले कागदी कप उचलायचे. पोत्यात भरलेल्या कचऱ्यात आमचा वाटा किती असायचा हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं.

तरी खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडायला लागलं होतं. उप्पीट वाटून झालं की मी साडी घोट्याच्या वर घेऊन पाण्यात पाय सोडून बसायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिवस कधी उजाडला नि कधी मावळला ते कळत नाही, आणि इथे पाण्यावरचं ऊन नुसतं बघत बसलं तरी कुणी किंमत विचारत नव्हतं. एक खंड्या दर वेळी समोरच्या वाळक्या फांदीवर यायचा. अध्यक्ष त्याला नीलकंठ म्हणत, आणि कुणीही त्यांना दुरुस्त करत नसे. मला ती नदी मनापासून आवडली. तिच्या काठावर आम्ही जे करून ठेवलं ते म्हणूनच मला जास्त झोंबतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नदी आटली. पाण्याची चार डबकी राहिली, बाकी सगळा खडक आणि वाळू. उचलायला कचराही उरला नाही, आणि काम नसलं की मंडळांना जे सुचतं ते आम्हाला सुचलं. कोनशिला बसवायची. काठावरच्या मोकळ्या जागेत चौथरा बांधायचा, त्यावर दगड उभा करायचा, दगडावर नदीबद्दल एक वाक्य आणि खाली सगळ्यांची नावं. संगमरवराची गोष्ट निघाली, पण अध्यक्ष म्हणाले, नदीचं स्मारक नदीतल्याच दगडाचं पाहिजे. हे सगळ्यांना इतकं पटलं की टाळ्या वाजल्या. मग अकरा जण भर उन्हात पात्रात उतरून दगड शोधू लागलो.

तो दगड मला सापडला. दुसऱ्या कुणाला सापडला असता तर आज मी हे इतक्या मोकळेपणाने लिहिलं असतं की नाही, शंकाच आहे. काठाला लागूनच, थोडा तिरका, पाण्याच्या बाजूला उतरता असा तो पडला होता. काळा फत्तर, दोन पाट शेजारी शेजारी मांडावेत एवढा, वीतभर जाड. मी सवयीने त्याच्यावर हात फिरवला. वरची बाजू इतकी मऊ होती की माझा हात तिथून निघेना. कडेपासून कडेपर्यंत कुठे खरखर नाही, कुठे टोक नाही. मी अध्यक्षांना हाक मारली आणि म्हणाले, हा घ्या, पॉलिश करायचीसुद्धा गरज नाही. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. नाश्त्याशिवाय माझं दुसऱ्या कशासाठी कौतुक होण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता वाटतं, बाई, तीस वर्षं कापड हाताळलंस, एवढंही लक्षात आलं नाही? नदी दगड गुळगुळीत करते तेव्हा सगळीकडून करते. हा एकाच बाजूने तसा होता. खालची बाजू खरबरीत, टोकदार, जशी खाणीतून निघावी तशी. मी तीही बाजू पाहिली होती. पाहिली आणि म्हणाले, मागची बाजू काय, ती बाभळींकडे जाईल.

जवळच्या मळ्यातला ट्रॅक्टर आणला, सहा माणसं लावली आणि दगड वर काढला. मग नावांचा क्रम ठरवायला तीन रविवार गेले. वयाप्रमाणे लावावीत तर दोघी बायका वय सांगेनात. मंडळातल्या योगदानाप्रमाणे लावावीत तर योगदान कुणाचं किती यावर एक जण चिडून उप्पीट न खाता निघून गेला, आणि पुढच्या रविवारी आल्यावर त्याने दोन प्लेटा खाल्ल्या. शेवटी अध्यक्षांचं नाव वर मोठ्या अक्षरात आणि बाकी दहा जणांची खाली एकसारखी, असा तोडगा निघाला. तो अध्यक्षांनीच काढला. माझं नाव नववं होतं. पाथरवटाने विचारलं, अक्षरं किती खोल घालू? अध्यक्ष म्हणाले, पुढच्या पिढ्यांना वाचता आली पाहिजेत.

उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा आले. टॉवेल-टोपी, नारळ, भाषणं सगळं यथासांग झालं. पाहुणे म्हणाले की अशी निःस्वार्थ माणसं आता दुर्मीळ झाली आहेत, आणि आम्ही अकरा जण आपापल्या नावाशेजारी उभं राहून मान खाली घालून ते ऐकलं. कार्यक्रमानंतर काठावर पाण्याच्या बाटल्या आणि नारळाच्या शेंड्या इतक्या पडल्या की पुढच्या रविवारी आम्हाला पुन्हा भरपूर काम मिळालं.

मग पाऊस झाला, नदी वाहती झाली आणि भाद्रपद आला.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी पांघरुणं, अंथरुणं धुऊन निघाली पाहिजेत. पडदे, चादरी घरी होतात. गोधड्या घरी होत नाहीत. नळाला रोज पाणी नसतं, आणि भिजलेली गोधडी पिळायला दोन दणकट माणसं लागतात. म्हणून पितृपंधरवडा लागला की परीट मावशी येतात. नदीकाठच्या गावातून दिराच्या रिक्षात बसून यायचं, गल्लीतल्या घरांच्या गोधड्या गाठोड्यात बांधून न्यायच्या आणि तीन-चार दिवसांनी उन्हाचा वास मारणाऱ्या, घड्या घातलेल्या परत आणून द्यायच्या. वर्षभर त्या गावात इस्त्रीचं काम करतात, पण खरी कमाई या पंधरा दिवसांची. आमच्या सासूबाईंच्या काळापासून त्या येत आहेत. सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्या गोधडीला कौदी म्हणायच्या. त्यांनी स्वतःच्या जुन्या इरकली लुगड्यांची शिवलेली एक कौदी आमच्या घरात आहे, ती मावशींशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही असा त्यांचा दंडक होता आणि त्या गेल्यावरही मी तो पाळला. मावशी गोधड्या नेमक्या कुठे धुतात हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. नदीवर, एवढं माहीत होतं. नदी लांब होती आणि माझं गिऱ्हाईक समोर उभं असायचं.

गेल्या वर्षी पंधरवड्याचे चार दिवस गेले तरी मावशी आल्या नाहीत. मी चिडले होते. गोधड्यांची गाठोडी बांधून दारात ठेवलेली, येता-जाता पायात येत होती. पाचव्या दिवशी दुपारी त्या आल्या. रिक्षा नव्हती, बसने आल्या होत्या. मी उंबऱ्यातच त्यांना उशिराबद्दल दोन शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले, पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

‘‘औंदा वाकळा न्यायला आले न्हाय, अक्का,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांगायला आले. माजा दगुड गेला.’’

मी विचारलं, कसला दगड?

‘‘धुवायचा. सासूचा दगुड हुता. तिच्याबी सासूचा. उन्हाळ्यात नदी आटली तवा कुणी तरी उचलून न्हेला.’’

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. पुढे त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही, पण जे ऐकलं ते आठवतं. वाळू उपसणाऱ्यांनी नेला असेल असा त्यांचा अंदाज होता; काठावरच्या चौथऱ्यावर उभा केलेला, अक्षरं कोरलेला दगड आपलाच असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दगडावर चार दिवस धुऊन पाहिलं होतं, पण जुनं लुगडं खरबरीत दगडावर टिकत नाही, टाके उसवतात. एका घराची वाकळ फाटली आणि त्या घराने हाकलून दिलं. मावशींना गल्लीगल्लीतली घरं नावाने माहीत नाहीत, गोधडीने माहीत आहेत. लाल काठाचं घर, निळ्या ठिगळाचं घर, मोराचं घर. यंदा लाल काठ मशीनच्या लॉण्ड्रीत गेला होता, निळं ठिगळ जायच्या बेतात होतं.

‘‘एक डाव मशीनची सवय लागली की घर माघारी येत न्हाय,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तुमी तर दर रविवारी जाता की तितं. मोठी माणसं हाय तुमी. कुटं दिसला तर सांगा.’’

मी त्यांना चहा दिला. दोनदा दिला. खरं ते सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि त्यातून एवढंच निघालं की बघते हं. त्या बसच्या वेळेला उठून गेल्या आणि मी गाठोड्यांवर बसून राहिले. मला माझी इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

मालकांना सांगितलं तर ते आधी हसले. मग म्हणाले, गप्प बस, दगडाला काय कमी आहे का सोलापूर जिल्ह्यात. मी म्हणाले, गिऱ्हाइकाची चादर आपण चुकून दुसऱ्याला विकली असती तर तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, तो धंदा आहे. मी म्हणाले, हाही धंदाच आहे, फक्त आपला नाही. त्यावर त्यांनी पुन्हा पेपर तोंडासमोर धरला.

रविवारी मी उप्पीट वाटायच्या आधी विषय काढला. उपाशी माणसं नीट ऐकतात असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. एक जण म्हणाला, दगड तिचाच कशावरून? तिच्याकडे कागद आहे का? दुसरा म्हणाला, नदीत धुणं धुतल्याने प्रदूषण होतं, आपण उलट मनाईचा फलक लावायला हवा. अध्यक्षांनी सगळ्यांना शांत केलं आणि आपला मोठेपणा दाखवला. ते म्हणाले, त्या बाईंना मंडळातर्फे वॉशिंग मशीन भेट देऊ, छोटासा कार्यक्रम घेऊ. पाहुण्यांना पुन्हा बोलावता येईल. हे बोलताना ते त्याच टायरवर बसले होते. बऱ्याच माना हलल्या. मी विचारलं, मशीनमध्ये गोधडी मावेल का, आणि त्यांच्या घरी नळ आहे का. यावर उपसमिती नेमायचं ठरत होतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उप्पिटाचं पातेलं झाकलं, त्याच्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘‘तुमच्या घरच्या गोधड्या यंदा धुतल्या का?’’

कुणालाच माहीत नव्हतं. अकरापैकी आठ पुरुष, आणि आपण कशावर झोपतो, ते कोण धुतं, हे एकालाही सांगता येईना. मी म्हणाले, घरी फोन लावा. मी हात काढत नव्हते, म्हणून त्यांनी फोन लावले. पहिल्या दोघांच्या घरी मशीन होतं. तिसऱ्याच्या बायकोने सांगितलं की परीट मावशी अजून आल्याच नाहीत, तुम्ही नदीवरच आहात तर जरा बघा त्या कुठे दिसतात का. चौथ्याकडे तेच. अध्यक्ष फोन घेऊन बाभळीच्या पलीकडे गेले. तिकडून त्यांचा आवाज येत नव्हता, फक्त मध्येमध्ये हो, हो, बरं, हो एवढंच ऐकू येत होतं. घट बसायला नऊ दिवस राहिले होते आणि त्यांच्या घरच्या गोधड्या पंधरवड्याच्या पहिल्या दिवसापासून दारात बांधून पडल्या होत्या.

परत आल्यावर ते म्हणाले की सामाजिक भान ठेवून दगड मूळ जागी ठेवणं योग्य होईल. नदीची हाक ऐकून आलेलं मंडळ शेवटी हललं ते या फोनमुळे. मी पातेल्यावरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅक्टर आला. चौथरा फोडताना दगडाचा एक कोपरा उडाला. मी मावशींना निरोप पाठवला होता, त्या आल्या होत्या. दगड काठाशी, पूर्वीसारखा पाण्याकडे उतरता ठेवला. अध्यक्ष जरा लांब उभे राहून ड्रायव्हरला सूचना देत होते. मी मावशींच्या जवळ गेले आणि सगळं सांगितलं. वाळूवाल्यांनी नाही, आम्ही नेला. आणि निवडला मी. त्या दिवशी पायरीवर बोलायला हवं होतं, बोलले नाही.

मावशी दगडापाशी गेल्या. वाकून त्यांनी दगडावर हात फिरवला. मे महिन्यात मी फिरवला होता अगदी तसाच. हात वाक्यावरून गेला, अध्यक्षांच्या नावावरून गेला, खाली आला. प्रत्येक ओळीवर थोडा थांबत होता. त्यांनी पदराचं टोक घेऊन अक्षरांवरून ओढलं आणि ते अडकलं. तसं त्यांनी दोनदा करून बघितलं.

‘‘ह्यात तुमचं कंचं?’’ त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागी नख घातलं.

‘‘लई खोल घातलंय,’’ त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, उलटा करून ठेवायचा का? नावं खाली जातील. त्यांनी मान हलवली. खालची बाजू वापरायची असती तर त्यांच्या सासूच्या सासूनेच वापरली असती. ही बाजू सपाट आहे म्हणून निवडलेली. आधी तीही खरबरीतच होती. धुणं आपटून आपटून ती मऊ व्हायला तिघींचे हात लागले होते. आम्ही ती एका आठवड्यात पाथरवटाकडून खराब करून घेतली होती.

उरलेले आठ दिवस मावशींनी दगडावर गोणपाट दुहेरी अंथरलं आणि त्याच्यावर गोधड्या धुतल्या. गोणपाटावर जोर बसत नाही, प्रत्येक गोधडीला दुप्पट वेळ लागतो. मी दुकानाला दांडी मारून चार दिवस गेले आणि पिळायला दुसरं टोक धरलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला ताटलीसुद्धा उचलवेना. आमची कौदी धड परत आली. निळ्या ठिगळाचं घर राहिलं. लाल काठ गेला तो गेलाच, मोरही गेला, आणि आणखी पाच-सहा घरं गेली. ती कुणाची, हे मला माहीत नाही, फक्त गोधड्या माहीत आहेत. त्यात एक मोठ्या चौकड्यांची, नारिंगी अस्तराची होती. ती अध्यक्षांच्या घरची, हे नंतर कळलं. उशीर झाला म्हणून त्यांच्या बायकोने मशीन घेतलं होतं.

दसरा झाल्यावर मी पाथरवटाकडे गेले आणि अक्षरं काढून दे म्हणाले. तो म्हणाला, मी घालतो, काढायचं काम कधी केलेलं नाही. मशीनने घासलं तर चरे पडतील, हवं असेल तर हाताने घासा, पाणी टाकत. फरशीला पॉलिश करायचा दगड असतो ना, तो त्याने मला दिला. तेव्हापासून दर रविवारी मी तिथे बसून घासते. उप्पीट आता आळीपाळीने करायचं ठरलंय, म्हणजे बहुतेक रविवारी बिस्किटं असतात.

मंडळाने माझ्या कामाला रीतसर मंजुरी दिली. मी घासत असतानाचा फोटो ग्रुपवर गेला, खाली लिहिलं होतं, नदीपात्रातील शिळा स्वच्छ करताना आमच्या भगिनी. पहिल्यांदा कुणाचं नाव काढायचं यावर पुन्हा चर्चा झाली. घालताना जेवढी घाई होती तेवढी काढताना कुणालाच नव्हती. अध्यक्षांनी बाजूला घेऊन मला सांगितलं की त्यांचं नाव शेवटी घ्यावं, एक आठवण म्हणून. मी म्हणाले, बरं. नाही तरी ते इतकं खोल आहे की माझ्या हयातीत पाळी येईल असं वाटत नाही. मी माझ्यापासून सुरुवात केली.

पावसाळ्यात नदी वर आली की काम थांबायचं, उतरली की पुन्हा सुरू. मी जोर लावून घासायची. गुडघ्यांचं दुखणं आता खांद्यात आलं आहे. चालल्याने बरं वाटेल म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही. यंदाच्या श्रावणात माझं नाव पुरतं निघालं. बोट फिरवलं तरी काही लागेना. मला इतका आनंद झाला की मी पाण्यात पाय सोडून पुष्कळ वेळ नुसती बसले, आणि त्या दिवशी खंड्याही आला होता.

भाद्रपदात मावशी आल्या, गाठोडी घेऊन नदीवर गेल्या, मीही त्यांच्याबरोबर गेले. गोणपाट अंथरायच्या आधी त्यांना म्हणाले, बघा, माझं काढलं. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी ओंजळभर पाणी दगडावर टाकलं. पाणी उतारावरून वाहत गेलं, अक्षरांमधून ठिबकत खाली गेलं. जिथे माझं नाव होतं तिथे मात्र ते थांबलं. तळहाताएवढं डबकं झालं.

‘‘नाव निघालं, अक्का,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पर तितं खड्डा पडला. वाकळ बसायची न्हाय आता. समदा दगुड तेवढा खाली आणावा लागंल.’’

मग त्यांनी गोणपाट दुहेरी केलं, खड्ड्यावर नीट पसरलं आणि आमची कौदी मागितली.